राणी हुकूम देत नाही: मधमाश्यांच्या एकत्र कुटुंबामागचं जनुकीय गणित

फेब्रुवारीत पळस फुलायला लागला की नागपुरात उंच इमारतींच्या छज्ज्यांखाली, पाण्याच्या टाक्यांखाली आणि जुन्या मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं लटकायला लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, धूर करणारा माणूस बोलवा. दुसरा म्हणतो, राहू द्या, फुलोरा संपला की आपोआप जातील. आग्या माश्या फिरस्त्या असतात, त्यामुळे दुसऱ्याचं म्हणणं बहुतेक वेळा खरं ठरतं. मला या वादापेक्षा त्यात हमखास येणारं एक वाक्य जास्त खटकतं: "राणीनं हुकूम दिला की सगळ्या तुटून पडतात."

राणी हुकूम देत नाही. तिला तो देताच येत नाही. मोहोळ उठतं तेव्हा आधी चिडलेल्या काही माश्यांच्या नांगीजवळच्या ग्रंथीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. त्या वासानं शेजारणी चवताळतात, त्यांच्या वासानं आणखी शेजारणी. राणी तेव्हाही माश्यांच्या पडद्याआड अंडीच घालत असते. मग हे एवढं शिस्तीचं घर चालवतं कोण, आणि त्याहून अवघड म्हणजे, ते उभं राहिलंच कसं?

डंख मारणारी प्रत्येक माशी कामकरी असते, म्हणजे मादी. तिच्या नांगीला उलटे काटे असतात. माणसाच्या कातडीत नांगी रुतली की ती निघत नाही. माशी उडते आणि विषाच्या पिशवीसकट नांगी मागे राहते. माशी मरते, तीही एकही पिल्लू मागे न ठेवता. उत्क्रांतीचा साधा नियम असा की जो गुण जास्त संतती देतो तो पुढच्या पिढीत पसरतो. मग पिल्लंच न घालण्याचा गुण पुढच्या पिढीत पोचतो कसा? चार्ल्स डार्विनलाही हे छळत होतं. वारूळ किंवा पोळं करून राहणाऱ्या कीटकांमधल्या वांझ माद्यांची अडचण आपल्याला आधी सगळ्या सिद्धांताच्या मुळावर येणारी वाटली होती, असं त्यानं 1859 मध्ये लिहून ठेवलंय. निवड एकट्या जिवाची होते तशी कुटुंबाचीही होऊ शकते, हे त्याचं उत्तर. दिशा बरोबर होती, पण हिशेब मांडायला त्याच्याकडे जनुकं नव्हती.

हिशेबाकडे जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जगात मधमाश्यांच्या गोतावळ्यात 20,000 हून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य एकट्याच राहतात. तुमच्या गॅलरीतल्या वाळक्या बांबूला गोल भोक पाडणारा काळा भुंगा याच गोतावळ्यातला. गुलाबाच्या पानांचे कात्रीनं कापावेत तसे गोल तुकडे नेणारी माशीही यातलीच. ती मादी घर करते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, तोंड बंद करते आणि निघून जाते. तिथे राणीही नसते आणि कामकरीही नसते. सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी शिकारी गांधीलमाश्यांच्या एका शाखेनं मांसाऐवजी पराग खायला सुरुवात केली. मधमाश्या तिथून आल्या. त्या पहिल्या माश्या अशाच एकट्या होत्या. एकत्र राहणं नंतर आलं, तेही एकदाच नाही, वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळ्या वेळी. आग्या, सातेरी, फुलोरी आणि पेट्यांमधली मेलिफेरा ही त्यातली एकच शाखा.

आता हिशेब. पोलंडच्या सायलेशिया भागातला यान झेर्झोन हा पाद्री मधपाळ होता. मधमाश्यांचे नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतात, असं त्यानं 1845 मध्ये मांडलं. म्हणजे नराला आई असते, बाप नसतो. मेलिफेराच्या मादीत 32 गुणसूत्रं असतात, अर्धी आईची, अर्धी बापाची. नरात फक्त आईची 16. अंडं घालताना साठवलेलं वीर्य वापरायचं की नाही, यावर मुलगी की मुलगा हे ठरतं.

या विचित्र व्यवस्थेचा परिणाम नात्यांवर होतो. बापाकडे गुणसूत्रांचा एकच संच, त्यामुळे तो प्रत्येक मुलीला जसाच्या तसा तोच देतो. दोन सख्ख्या बहिणींचा बापाकडून आलेला अर्धा भाग अगदी सारखा असतो. आईकडून आलेला अर्धा भाग आपल्यासारखाच सरासरी निम्मा जुळतो. बेरीज करा: अर्धा अधिक पाव, म्हणजे पाऊण. माणसात सख्ख्या बहिणींचं नातं निम्मं, मधमाश्यांत पाऊण. आणि मधमाशीचं स्वतःच्या मुलीशी नातं? निम्मंच. म्हणजे स्वतःची मुलगी वाढवण्यापेक्षा आईला आणखी एक बहीण वाढवू देणं जनुकांच्या हिशेबात फायद्याचं.

विल्यम हॅमिल्टन या तरुण ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं 1964 मध्ये हे गणित मांडलं. त्याचा नियम एका ओळीत सांगता येतो. मदतीनं नातेवाइकाचा झालेला फायदा नात्याच्या प्रमाणानं गुणला आणि तो स्वतःच्या तोट्याहून जास्त भरला, तर मदत करण्याचा गुण टिकतो आणि पसरतो. कामकरी मरते, पण तिच्यातली जनुकं तिच्या बहिणींमधून, आणि त्यातल्या एखादीनं राणी होऊन घातलेल्या पिल्लांमधून, पुढे जातात.

सुंदर आहे, नाही? कॉलेजात हे पाऊण प्रकरण शिकवलं की सगळे खूश होतात, कोडं सुटलं म्हणून. मला वाटतं अडचण तिथेच सुरू होते. हॅमिल्टनचा नियम पक्का आहे. त्यातला पाऊणचा आकडा मात्र फार मोठा भार पेलू शकत नाही.

पहिलं कारण भाऊ. बहिणीशी नातं पाऊण, पण भावाशी फक्त पाव, कारण भावाला बाप नाही. आईनं जितक्या बहिणी तितकेच भाऊ घातले तर सरासरी पुन्हा निम्म्यावर येते, म्हणजे स्वतःच्या पिल्लांइतकीच. रॉबर्ट ट्रिव्हर्स आणि होप हेअर यांनी 1976 मध्ये हेच दाखवलं: पाऊणचा फायदा हवा असेल तर कामकऱ्यांना बहिणी जास्त आणि भाऊ कमी वाढवावे लागतील. दुसरं कारण वाळवी. वाळवीत नर-मादी दोघांनाही आई आणि बाप असतात, पाऊण वगैरे काही नाही, तरी तिचं वारूळ मोहोळाहून कमी शिस्तीचं नसतं. आणि तिसरं कारण सगळ्यात मोठं. मधमाशीची राणी एकाच नराशी मीलन करत नाही.

तरुण राणी उडते आणि हवेत अनेक नरांशी मीलन करते. प्रत्येक नर त्यात मरतो. वीर्य राणीच्या पोटातल्या पिशवीत साठतं आणि तिला जन्मभर पुरतं. मेलिफेरात हे नर साधारण डझनभर, कधी जास्त. आग्या माशीत तर जनुकीय तपासणीत एकाच मोहोळात शंभराच्या आसपास बाप निघाल्याची नोंद आहे. मग आपल्या टाकीखालच्या मोहोळातल्या बहुतेक माश्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी नसून सावत्र बहिणी असतात. दहा बाप असतील तर सरासरी नातं 0.30 वर येतं, वीस असतील तर 0.275 वर. बाप वाढतील तसा आकडा पावाकडे सरकत जातो. ज्या पाऊणच्या जोरावर सगळं समजावलं, तो प्रत्यक्ष मोहोळात सापडतच नाही.

हा प्रश्न भारतातही नीट तपासला गेलाय. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशकं रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर काम केलं. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात कागदासारखं छोटं पोळं करणाऱ्या गांधीलमाश्या आपण पाहतो, त्यांच्याच गोत्रातली ही जात. तिच्या घरातही नाती पाऊणपेक्षा बरीच कमी निघाली. गदगकरांनी वेगळा मुद्दा पुढे केला. एकटी मादी पिल्लं अर्धवट वाढवून मेली तर सगळी मेहनत वाया जाते. गटात राहणारी मेली तर तिचं अर्धवट काम दुसऱ्या पुरं करतात. नातं तेवढंच राहूनही केलेल्या कामाचा मोबदला गटात हमखास हाती लागतो. शिकाऱ्यांनी आणि पावसानं भरलेल्या जगात हे फार मोलाचं आहे.

मग पहिलं पाऊल पडलं कसं? यावरचं सगळ्यात पटणारं उत्तर 2008 मध्ये आलं. विल्यम ह्यूज आणि सहकाऱ्यांनी मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या मिळून 267 सामाजिक जातींच्या राण्या किती नरांशी मीलन करतात ते तपासलं आणि वंशवृक्षावर मागे मागे जात हिशेब लावला. ज्या आठ शाखांत वांझ कामकरी स्वतंत्रपणे उदयाला आल्या, त्या सगळ्यांत मूळ आई एकाच नराशी मीलन करणारी होती. एकच बाप असेल तर भाऊ-बहिणी मिळून सरासरी नातं निम्मं, अगदी स्वतःच्या पिल्लांइतकं. काटा मधोमध उभा. अशा वेळी आईच्या घरात थांबून काम करण्यात थोडासाही जास्त फायदा झाला, सुरक्षित घर म्हणा किंवा गदगकरांचा हमखास मोबदला म्हणा, की काटा घराकडे झुकतो. पाऊणची गरजच उरत नाही. अनेक नरांशी मीलन नंतर आलं, जेव्हा कामकऱ्यांना परत एकटं राहणं शक्यच उरलं नव्हतं. भिंतीच्या फटीत डिंकाचं घर करणारी, डंख न मारणारी छोटी मधमाशी पाहिलीय का? तिच्या गोत्रातल्या राण्या आजही बहुतेक एकाच नरावर थांबतात.

बाप वाढवून राणीला काय मिळालं, याचं एक उत्तर नागपूरकरांना पटकन कळेल. मे महिन्यात कूलरच्या टाकीवर आणि गळक्या नळाशी मधमाश्या रांगा लावतात. ते पाणी त्या पोळ्यात नेऊन पसरतात आणि पंखांनी वारा घालून उडवतात, कारण पिल्लांना 34 ते 35 अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. आता समजा, संध्याकाळी सगळ्या वस्तीनं एकाच क्षणी कूलर लावले: ट्रान्सफॉर्मर उडेल, आणि एकाच क्षणी बंद केले तर पुन्हा सगळे घामाघूम. पण कोणाला 38 अंशांतच कूलर लागतो, कोणी 42 पर्यंत पंख्यावर काढतो, म्हणून भार टप्प्याटप्प्यानं चढतो. मोहोळात नेमकं हेच होतं. किती गरम झाल्यावर वारा घालायला लागायचं, हा उंबरठा काही अंशी बापाकडून येतो. दहा बापांच्या मुली दहा वेगळ्या तापमानांना कामाला लागतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2004 मध्ये एकबापी आणि अनेकबापी मेलिफेरा पेट्या शेजारी ठेवून मोजलं, तर अनेकबापी पेट्यांचं तापमान जास्त स्थिर निघालं. रोगांनाही हेच लागू होतं: सगळ्या एकसारख्या नसल्या की एकच रोग सगळ्यांना लोळवू शकत नाही.

पण सावत्रपणा वाढला की भांडणाचं कारणही वाढतं, आणि इथे राणीच्या हुकुमाची कल्पना पार कोसळते. कामकरीला अंडाशय असतं. ती मीलन करू शकत नाही, पण फलन न झालेलं अंडं घालू शकते, आणि त्यातून नर जन्मतो. स्वतःच्या मुलाशी तिचं नातं निम्मं, भावाशी पाव. प्रत्येक कामकरीला स्वतःचा मुलगा जास्त परवडतो. मग सगळ्या अंडी का घालत नाहीत?

आता शेजारणीच्या बाजूनं पाहा. एकच बाप असता तर शेजारीण सख्खी बहीण, तिचा मुलगा म्हणजे भाचा, नातं 0.375, भावापेक्षा जवळचं. घालू दे बापडीला. पण दहा बाप असतील तर सरासरी शेजारणीचा मुलगा 0.15 वर येतो आणि राणीचा मुलगा, म्हणजे भाऊ, 0.25 वर राहतो. म्हणून दुसरीनं घातलेलं अंडं दिसलं की ते खाऊन टाकणं प्रत्येकीच्या फायद्याचं. फ्रान्सिस रॅटनिक्सनं हे आधी कागदावर मांडलं आणि 1989 मध्ये कर्क व्हिशरबरोबर प्रत्यक्ष तपासलं. पोळ्यात राणीची आणि कामकऱ्यांची अंडी ठेवली. एका दिवसात कामकऱ्यांची जवळजवळ सगळी फस्त झाली, राणीची बरीचशी शाबूत राहिली. मेलिफेरात वाढून बाहेर पडणाऱ्या हजार नरांत जेमतेम एखादा कामकरीचा मुलगा असतो. राणीचा गंध आपल्या अस्तित्वाची वर्दी देतो आणि त्यानं कामकऱ्यांची अंडाशयं सुस्तावतात हे खरं, पण डोळ्यांत तेल घालून पहारा करतात त्या बहिणीच.

पहारा जनुकांवर उभा आहे, याचा पुरावा पहारा मोडला तिथे मिळतो. ऑस्ट्रेलियात 1994 मध्ये अशी एक पेटी सापडली की राणी असतानाही कामकरी बिनधास्त अंडी घालत होत्या आणि ती वाढत होती. तपासलं तर ते नर जवळजवळ सगळे एकाच बापाच्या मुलींचे निघाले. पुढे निवडक पैदास करून संशोधकांनी हा गुण टिकवला आणि वाढवलाही.

आता साहजिक वाटेल की कुठेतरी एक समाजाचं जनुक असेल. तसं नसतं. मेलिफेराचा पूर्ण जनुकसंच 2006 मध्ये वाचला गेला, तेव्हा वास ओळखणाऱ्या जनुकांची मोठी फौज सापडली, पण एकत्र कुटुंबाचा खास मंत्र काही सापडला नाही. खरं तर राणी आणि कामकरी यांच्या जनुकांत फरकच नसतो. तीच मादी अळी. पहिले तीनेक दिवस सगळ्यांनाच दायांच्या, म्हणजे पिल्लांना भरवणाऱ्या कामकऱ्यांच्या, ग्रंथींतलं अन्न मिळतं. मग कामकरी व्हायची तिला मध-पराग मिसळलेलं साधं जेवण, आणि राणी व्हायची तिला भरपूर रॉयल जेली शेवटपर्यंत. एवढ्या फरकावर एक 16 दिवसांत बाहेर येते आणि काही वर्षं जगते, दुसरी 21 दिवसांत येते आणि हंगामात सहा आठवड्यांत संपते. जेवणामुळे कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, हे ठरतं. जनुकांवर रासायनिक खुणा लावणारं एक एन्झाइम ऑस्ट्रेलियात 2008 मध्ये अळ्यांमध्ये दाबून पाहिलं, तर त्यातल्या बहुतेक अळ्या राणीसारखी अंडाशयं घेऊन बाहेर आल्या.

जुन्याच जनुकांना नवं काम लावलं जातं, याचं माझं आवडतं उदाहरण व्हायटेलोजेनिन. हे अंड्यातल्या पिवळ्या बलकाचं प्रथिन, एकट्या राहणाऱ्या कीटकांतही असतं. कामकरी अंडी घालत नाही, तरी ते बनवते आणि त्यातून पिल्लांचं अन्न तयार करते. अंगातलं त्याचं प्रमाण उतरलं की एक संप्रेरक चढतं आणि आतापर्यंत दाई असलेली माशी फुलांवर जायला लागते. प्रयोगात हे प्रथिन कमी केलं तर माश्या लवकर बाहेर पडल्या. फळमाशीत खाण्यासाठी किती भटकायचं हे ठरवणारं एक जनुक आहे. 2002 मध्ये दिसलं की तेच जनुक दाईमध्ये मंद आणि फुलांवर जाणाऱ्या माशीत जोरात चालतं. एकट्या मादीच्या आयुष्यात अंडी घालणं आणि अन्न शोधणं आळीपाळीनं येतं. मोहोळानं ते टप्पे सुटे करून वेगवेगळ्या माश्यांना वाटून दिले, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, आणि मला ते पटतं.

काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराला पेट्या ठेवणाऱ्यांसाठी एक जनुक मात्र रोजच्या धंद्यातलं आहे. मधमाशीत नर-मादी ठरवणारं एक जनुक 2003 मध्ये सापडलं. त्याच्या दोन वेगळ्या प्रती मिळाल्या की मादी, एकच प्रत मिळाली की नर. पण राणीचं मीलन तिच्याच भावांशी झालं तर सरासरी पाव फलित अंड्यांना दोन सारख्या प्रती मिळतात. त्यातून दोन संचांचा निरुपयोगी नर बनतो, आणि कामकरी अशा अळ्या अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच खाऊन टाकतात. चौकटीवर पिल्लांची घरं मध्येमध्ये रिकामी, चाळणीसारखी दिसली तर राणीला दोष देण्याआधी पेट्यांची वंशावळ पाहावी. थोड्या पेट्यांतूनच वर्षानुवर्षं राण्या काढल्या की हे व्हायचंच. दुसरीकडच्या राण्या आणणं हा त्यावरचा साधा इलाज.

पहारा अपुरा पडला तर काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर दिसतं. तिथल्या केप मधमाशीची कामकरी मीलनाशिवाय नर नाही, तर मादी जन्माला घालते, जवळजवळ स्वतःची नक्कल. मधपाळांनी 1990 मध्ये या माश्या उत्तरेकडे, दुसऱ्या उपजातीच्या पेट्यांच्या प्रदेशात नेल्या. एका कामकरीच्या नकला त्या पेट्यांत शिरल्या. त्यांच्या अंड्यांना राणीच्या अंड्यांसारखीच सूट मिळाली, त्या अन्न खातात आणि अंडी घालतात, फुलांवर मात्र फारशा जात नाहीत. घरच्या कामकरी संपत जातात, पेटी मरते आणि नकला पुढची पेटी गाठतात. तीन दशकांहून जास्त काळ तोच एक वंश तिथल्या पेट्या मारत आलाय.